मी हलकी

मी हलकी आहे. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला माझ्या पाठीमागे म्हणावं लागणार नाही. कामशेतच्या बाजारात माझ्याबद्दल बोलताना लोकांनी हाच शब्द वापरला आणि वापरताना नाक मुरडलं. हलकं कापड, हलकं धान्य, हलक्या कानाचा माणूस, तशी मी हलकी गाडी. आपल्याकडे मान असतो तो वजनाला. वजनदार माणूस आला म्हटलं की लोक खुर्ची सोडून उठतात. मला बघून कोणी उठलं नाही. उलट एक म्हातारबुवा वाकून म्हणाले, "हिच्यात बसायचं का हिला अंगात घालायचं?"

तर मी एक गाडी. दोन माणसांची, जमिनीलगत बसलेली, वळणावर पळण्यासाठी घडवलेली. आज मी जिथे पडले आहे तिथे मान-अपमानाचा प्रश्न उरलेला नाही. पण मला एक निरोप द्यायचा आहे, आणि तो नीट कळायचा तर सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल.

माझा जन्म कुठल्या कंपनीत झाला नाही. मला समीक्षानं घडवलं, तिच्या वडिलांच्या भाताच्या गिरणीमागे, पत्र्याच्या शेडमध्ये. वडील म्हणजे बजरंगअण्णा. पवना धरणाकडून येणारा बराचसा भात त्यांच्याच गिरणीत भरडला जातो. अण्णांचं सगळं आयुष्य वजनकाट्यापुढे गेलं, पण मापात मारणाऱ्यांतले ते नव्हेत. माप पुरं झालं की वर एक मूठ टाकायची, ही त्यांच्या घरातली जुनी रीत. तांदूळ असो, पोरीच्या ताटातला भात असो नाहीतर पाहुण्याच्या चहातली साखर असो, अण्णांचा हात मापावर थांबतच नाही. "वर येक मूठ पडली म्हंजी मानूस उपाशी ऱ्हात न्हाई," असं ते म्हणतात.

समीक्षाची आई ती लहान असतानाच गेली. तिला वाढवलं अण्णांनी आणि त्यांच्या बहिणीनं, सरूबाईनं. ही पोर गिरणीच्या दारात बसून रस्ता बघायची. शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्या लोणावळ्यात कोंडी करतात आणि त्यातल्या काही पुढे येऊन धरणाकडे जायला कामशेतला वळतात. अशीच एक बुटकी लाल गाडी एकदा गिरणीसमोर बंद पडली. मालकानं मागचं झाकण उघडलं, तर आत इंजिन.

"आगं बया, हिचं काळीज पाठीत हाय!" सरूबाई म्हणाली आणि सगळे हसले.

समीक्षा हसली नाही. ते मागे का ठेवलं असेल, हे ती जेवताना विचारत राहिली. कामशेतात तिला कोणी उत्तर दिलं नाही. ते शोधत ती पुण्याला जाऊन इंजिनिअर झाली, मग तळेगावच्या एका कारखान्यात लागली आणि घोरावाडी स्टेशनजवळ खोली घेऊन राहिली. सुट्टीच्या दिवशी मात्र ती गिरणीमागच्या शेडमध्ये असायची. तिथे तिच्या सोबतीला असायचा संदीप. तो पवनेच्या वरच्या अंगाच्या वाडीतला, कामशेतात गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवणारा. त्याच्या वेल्डिंगचा टाका इतका बारीक की सरूबाई म्हणायची, ह्यो पोरगा चोळ्या चांगल्या शिवल.

समीक्षाचं शास्त्र अण्णांच्या बरोबर उलटं होतं. अण्णा वर एक मूठ टाकायचे, ही एक मूठ काढायची. माझा सांगाडा उभा राहत होता तेव्हा ती संदीपला समजावत असे आणि मी कान देऊन ऐकत असे.

"गाडी जड झाली की ओढायला मोठं इंजिन लागतं," ती म्हणायची. "मोठं इंजिन धरायला जाड सांगाडा लागतो. एवढं धूड थांबवायला मोठे ब्रेक आणि रुंद टायर. मग या सगळ्यांचं वजन ओढायला आणखी मोठं इंजिन. हे कुठे थांबतच नाही बघ."

"मंग आपुन काय करायचं ताई?"

"आपण दुसऱ्या टोकाला सुरुवात करायची. एक वस्तू काढली की तिच्यासाठी ठेवलेली दुसरीही नको होते."

आणि तिनं खरंच काढलं. जे नुसतं दिसायला होतं ते सगळं गेलं. जे एकच काम करत होतं त्याला तिनं दुसरं काम लावलं. माझ्या सीटची पाठ नुसती टेकायला नाही, तीच माझ्या सांगाड्याचा आडवा आधार आहे. माझ्या पत्र्यांना जिथे ताण नाही तिथे भोकं पाडली. संदीप त्या भोकांकडे बघून हळहळायचा, त्याला वाटायचं चांगल्या मालाची नासाडी चाललीय. इंजिन तिनं एका अपघातात मोडलेल्या मोटारसायकलचं घेतलं, लहानसं पण हट्टी, आणि ते माझ्या सीटच्या मागे, मागच्या चाकांच्या पुढे बसवलं. कारण तिनं फार सोपं सांगितलं होतं. पाण्याची कळशी कमरेला असली तर बाई गर्रकन वळू शकते. तीच कळशी हात लांब करून धरली तर वळताना कळशीच बाईला ओढून नेते. म्हणून ओझं मधोमध हवं, चार चाकांच्या आत. माझ्या शेपटाकडे, चाकांच्याही मागे, पावसाळी कपडे ठेवण्यापुरती एक पोकळी होती. ती तिनं मुद्दाम रिकामी ठेवली.

मला तेव्हा स्वतःचा फार अभिमान वाटायचा, हे कबूल करते. सरळ रस्त्यावर कोणीही पळेल, त्याला पैसा लागतो. वळणावर मात्र गाडीचं मन आणि हाकणाऱ्याचं मन एक व्हावं लागतं. माझं आणि समीक्षाचं तसं झालं होतं. तिनं चाक वळवायचा विचार केला की माझं नाक वळलेलं असायचं.

एका रविवारी माझं वजन करायचं ठरलं. नुसतं वजन नाही, तर कोणत्या चाकावर किती पडतं ते बघायचं होतं. त्यासाठी चार काटे लागणार होते. एक अण्णांचा होता. बाकीचे ते स्वतः बाजारातल्या व्यापाऱ्यांकडून मागून घेऊन आले. ज्या काट्यांवर तांदळाची पोती चढायची त्यांवर माझं एकेक चाक ठेवलं. समीक्षा माझी बॅटरी कधी डावीकडे सरकवायची, कधी उजवीकडे, आणि काटे बघायची. अण्णाही बघत होते. सगळी बेरीज झाल्यावर ते म्हणाले, "बास? येवढीच? आगं आपली म्हस हिच्यापरास जड हाय."

"म्हैस वळणावर पळत नाही अण्णा."

"म्हस उडत बी न्हाई," अण्णा म्हणाले.

समीक्षा हसली, संदीप हसला. अण्णा हसले नव्हते, हे माझ्या लक्षात आलं. माणसाची भीती कधी सुरू होते ते घरच्यांना कळत नाही. अण्णांची त्या काट्यासमोर सुरू झाली.

पुढे एकदा तिनं त्यांना माझ्यात बसवून गिरणीच्या आवारात आणि मागच्या कच्च्या वाटेवर एक फेरी मारून आणली. उतरले तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता. ते शेडच्या खांबाला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "समे, मागं जरा वजन टाक हिच्या. आपला पिकप रिकामा असला की पावसात मागून कसा सरकतो? मी दोन पोती वाळू टाकतो हौद्यात. मंग कसा गप चालतो."

अण्णांचं काही चुकत नव्हतं. पिकपचं इंजिन पुढे असतं, मागचा हौदा रिकामा असला की मागची चाकं रस्ता धरत नाहीत. मावळातला प्रत्येक पिकपवाला हे जाणतो. फक्त मी पिकप नव्हते.

"हिला नको अण्णा," समीक्षा म्हणाली आणि पान्हा शोधायला वाकली.

तिनं तेव्हाच कळशीची गोष्ट सांगितली असती तर अण्णांना ती पटली असती. संदीपला ती दहादा सांगायची. पण घरच्या माणसाला समजावताना माणसं आळस करतात, कारण घरचा माणूस कुठे जाणार असतो?

मग पुण्याच्या एका कंपनीची माणसं मला बघायला येणार असं ठरलं. त्यांना मी आवडले तर समीक्षाला स्वतःचा कारखाना मिळणार होता आणि माझ्यासारख्या आणखी गाड्या तिथे घडणार होत्या. म्हणजे मला बहिणी होणार होत्या. समीक्षा त्या दिवसांत जेवता जेवता थांबायची आणि बोटानं ताटावर वळणं काढायची. तिनं तिशीपर्यंत दुसरं काही मागितलंच नव्हतं. लग्नाचा विषय काढला की ती म्हणायची, "आत्या, आधी हिची पाठवणी होऊ दे."

चाचणीची जागाही ठरली. धरणाच्या बाजूला डोंगरात कोणीतरी बंगल्यांसाठी प्लॉट पाडून ठेवलेत. प्लॉट विकले गेले नाहीत, पण नागमोडी डांबरी रस्ता मात्र तयार आहे. त्यावर गुरांशिवाय कोणी फिरकत नाही.

आदल्या दिवशी ऊन उतरल्यावर मला अण्णांच्या पिकपवर चढवून दोरांनी आवळलं. समीक्षानं माझा एकेक नट तपासला आणि हात धुवायला घरात गेली. संदीप वाडीला गेला. तेवढ्यात अण्णा आले. त्यांच्या खांद्यावर पोतं होतं. मग ते आणखी एक घेऊन आले. लहान पोती, नदीच्या वाळूची, तोंडं दाभणानं सुतळीचा दुहेरी टाका घालून शिवलेली. त्यांनी माझ्या शेपटाचं झाकण उघडलं, पावसाळी कपड्यांच्या त्या पोकळीत दोन्ही पोती नीट बसवली, हलू नयेत म्हणून वर गोणपाट दाबलं आणि झाकण लावलं. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आता जा बाय. नीट ने तिला आनि नीट आन."

मी ओरडले. तुम्हाला काय सांगू, अंगातला एकेक खिळा ओरडला. पण लोखंडाला वाचा नसते. अण्णांनी झाकणावरची धूळ बाहीनं पुसली आणि ते घरात गेले.

सकाळी डोंगरात धुकं होतं. कंपनीचे पाहुणे वेळेआधीच येऊन उभे होते, त्यामुळे समीक्षाची धांदल उडाली. फळ्यांवरून मला उतरवताना संदीप म्हणाला, "ताई, आज जड लागतीया."

"तू न्याहारी केली नाहीस, म्हणून," ती म्हणाली. टायरची हवा बघितली आणि बसली.

पहिली फेरी तिनं सावकाश घेतली. दुसऱ्या वळणावरच तिनं माझ्याकडे बघावं तसं समोरच्या काचेकडे बघितलं. "काय झालं गं तुला?" ती पुटपुटली. फेरी संपवून ती वळणावर उभ्या असलेल्या संदीपपाशी थांबली. "मागून कशीतरीच वाटतेय रे."

"दवानं रस्ता वला हाय ताई."

तिनं मागे वळून माझ्या शेपटाकडे पाहिलं. दार उघडायला हातही लावला. खाली पाहुण्यांपैकी एकानं घड्याळ बघितलं. समीक्षानं हात परत चाकावर ठेवला. "एक फेरी मारते, मग बघू," ती म्हणाली.

त्या फेरीत ती मला घेऊन पळाली, जशी रोज पळायची तशी. वळण आलं. तिनं चाक वळवलं, पण माझं नाक वळेना. शेपटावर ओझं बसल्यावर माझी पुढची चाकं रस्त्याला नुसती टेकली होती, त्यांना रस्ता धरवत नव्हता. तिला वाटलं वेग जास्त झाला. तिनं ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. मला घसरायला तेवढं पुरलं. मागची वाळू मला ओढत बाहेरच्या अंगाला घेऊन गेली, मी स्वतःभोवती फिरले आणि प्लॉटच्या हद्दीच्या दगडांवर आदळले.

थांबल्यावर फार शांत झालं होतं. समीक्षा जिवंत होती. तिचा डावा हात सीट आणि चेपलेल्या पत्र्यात अडकला होता आणि कोपर भलतीकडे वळला होता. माझं शेपूट फाटून वाळू रस्त्यावर सांडली होती. संदीप धावत आला तेव्हा ती हाताकडे बघत नव्हती, वाळूकडे बघत होती. मग तिला पोत्याचं तोंड दिसलं, सुतळीचा दुहेरी टाका दिसला. तो टाका ती जन्मापासून बघत आली होती.

"संदीप, वाळू सार बाजूला," ती म्हणाली. "पोती लपव."

"ताई, तुमचा हात..."

"आधी ते कर. ते लोक यायच्या आत कर. आणि कुणाला सांगायचं नाही, तुला शपथ आहे."

संदीप रडत रडत पायांनी वाळू गवतात सारत होता. पोती त्यानं माझ्याच पोटात कोंबली. पाहुणे धापा टाकत वर आले, त्यांनी तिला बाहेर काढलं, धीर दिला. त्यांतल्या एकानं विचारलं, नक्की काय झालं? समीक्षाचे ओठ पांढरे पडले होते. ती म्हणाली, "माझंच गणित चुकलं. मागच्या बाजूचं."

पाहुणे भले होते. अशा चाचणीत होतं असं, म्हणाले. तिला दवाखान्यात सोडलं आणि पुन्हा आले नाहीत.

मला तिचा राग आला. खरंच सांगते, फार राग आला. माझं गणित चुकलं नव्हतं. एकेक ग्रॅम तोलून मला घडवणारी पोर चारचौघांत उभी राहून म्हणते की मी जन्मतःच खोटी होते! एक वाक्य बोलली असती तर मी दुरुस्त होऊन पुन्हा पळाले असते, माझ्या बहिणी झाल्या असत्या. पण ते वाक्य कामशेतात पोचलं असतं. मग भाजीवालीपासून पारावरच्या माणसांपर्यंत सगळ्यांनी म्हटलं असतं की बजरंगानं आपल्या हातानं पोरीला दरीत लोटली. हे कळायला मला बरेच दिवस लागले. कळल्यावर राग गेला, दुःख तेवढं उरलं.

मला परत त्याच शेडमध्ये आणून टाकलं. कोंडा उडून माझ्या अंगावर बसत राहिला. माझ्या बॉनेटवर सरूबाईनं एकदा पापडही वाळत घातले. गावात माझी कथा ठरून गेली. हलकी होती, वाऱ्यानं उडाली.

समीक्षाचा कोपर आता पूर्ण सरळ होत नाही. कारखान्यात तिला मोठ्या गाड्यांच्या दारांच्या विभागात टाकलं आहे. आपल्याकडे गिऱ्हाईक गाडी घ्यायला गेलं की दार आपटून बघतं आणि बोटाच्या पेरांनी पत्रा वाजवून बघतं. दाराचा आवाज धप्प असा भारदस्त यायला हवा, म्हणजे गाडी वजनदार वाटते. तो आवाज आणायचं काम आता समीक्षा करते. हे तिनंच एकदा संदीपला शेडच्या दारात सांगितलं. सांगताना ती हसत होती, पण आत येऊन माझ्याकडे बघायचं तिनं टाळलं.

एकदाच आली होती, हाताचं प्लास्टर नुकतं निघालं होतं तेव्हा. माझ्या पोटातून तिनं ती रिकामी पोती ओढून काढली. फेकून द्यायलाच आली होती. बराच वेळ मांडीवर घेऊन बसली. मग एका हातानं त्यांची घडी घातली, आपल्या कोपराची पट्टी सोडून तिनं ती घडी बांधली आणि सीटच्या मागे, कोणाच्या हाताला लागणार नाही अशा जागी सारून ठेवली. तिला ती फेकवली नाहीत.

अण्णा मात्र रोज यायचे. गिरणी बंद केली की माझ्याजवळ उपड्या पाटीवर बसायचे. "दोन पोती टाकली व्हती, तरी उडालीस," ते म्हणायचे. "चार टाकाय पायजे व्हती. माजाच हात आखडला." रोज हेच. मी त्यांच्यासमोर पडून हे ऐकायची. मला एकच आस होती, की कोणीतरी या माणसाला खरं सांगावं. मला माझं नाव परत हवं होतं.

गेल्या आठवड्यात समीक्षाचा फोन आला. गाडी ठेवून काय करायचं अण्णा, देऊन टाका, असं तिनं सांगितलं असावं. कारण दुसऱ्या दिवशी इंदुरीकडचा भंगारवाला भिमाजी मला बघायला आला. मोठ्या पोटाचा, तोंडात तंबाखू. त्यानं वजनाचा अंदाज घ्यायला माझं पुढचं टोक धरलं आणि एका हातानं सहज वर उचललं.

"भाऊ, हिच्या म्होरं काय हाय का न्हाई? इंजान कुटं गेलं?"

"मागं हाय," अण्णा म्हणाले.

"आसं व्हय! म्हंजी वझं सगळं मागंच. ह्यात आजून मागं काय टाकलं की झालीच उलाळ." भिमाजी बाजूला थुंकला आणि माझी चाकं बघायला लागला.

उलाळ हा शब्द तुमच्यापैकी काहींना ठाऊक नसेल. बैलगाडीत मागच्या बाजूला जास्त ओझं भरलं की पुढचं जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं, बैलांचं पाऊल ठरत नाही आणि गाडी बैलांचं ऐकत नाही. त्याला उलाळ म्हणतात. अण्णांनी लहानपणापासून भाताच्या गाड्या भरल्या आहेत. गाडी उलाळ होऊ देऊ नये हे त्यांना नांगर धरण्याआधी शिकवलं होतं. माझं इंजिन मागे आहे हेही त्यांनी हजारदा बघितलं होतं. पण त्यांच्या डोक्यात पिकप होता. मला पिकपच्या जागी ठेवून त्यांनी माझी काळजी घेतली होती. बैलगाडीच्या जागी त्यांनी मला कधी ठेवून बघितलंच नव्हतं.

भिमाजीनं दोनदा हाक मारली. मग अण्णा म्हणाले, "तू उद्या ये."

तो गेल्यावर अण्णांनी माझं पुढचं टोक उचललं. खाली ठेवलं. माझ्या मागे गेले आणि फाटलेल्या शेपटावर दोन्ही हातांनी दाबलं. माझं नाक आपोआप वर आलं. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा वर आलं. मग ते पोती शोधायला लागले. वेड्यासारखे माझ्या पोटात हात घालत होते, पत्र्यानं बोटं कापली तरी थांबले नाहीत. सीटच्या मागे त्यांच्या हाताला घडी लागली. ती बाहेर काढून त्यांनी उजेडात धरली. त्यांचा स्वतःचा टाका, आणि त्यावर पोरीच्या कोपराची पट्टी. ती पट्टी त्यांनीच रोज तिच्या हाताला गुंडाळली होती.

तिला माहीत होतं, हे त्यांना तिथे कळलं. पहिल्यापासून माहीत होतं, आणि तिनं स्वतःवर घेतलं.

ज्या क्षणाची मी इतके दिवस वाट बघत होते तो आला होता. मी खोटी नव्हते हे अखेर कोणालातरी कळलं होतं. आणि त्या म्हाताऱ्या माणसाकडे बघून मला वाटलं, मी जन्मभर खोटी राहिले असते तर बरं झालं असतं. अण्णा पोती तोंडावर दाबून रडत होते, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

संध्याकाळी समीक्षा आली. मला शेवटचं बघायला आली असावी. शेडच्या दारात उभी राहून तिनं विचारलं, "दिली का अण्णा?"

"उद्या नेतोय."

अण्णा तिच्या कोपराकडे बघत होते. "समे," ते म्हणाले.

"काय अण्णा?"

मी श्वास धरला, असं म्हणा. बोला, अण्णा. बोलून टाका.

"काय न्हाई. दुखतो का गं हात?"

"नाही अण्णा. कधीच थांबलं दुखायचं."

"बरं. चल, जेवाय चल."

ती पुढे गेली. अण्णा मागे थांबले. सदऱ्याच्या आत लपवलेली ती घडी त्यांनी काढली, पट्टीची गाठ जशी होती तशी नीट केली, आणि सीटच्या मागे, तिनं ठेवली होती त्याच जागी परत ठेवली. ती हलल्याचं पोरीला कळू नये म्हणून. मला घरात ठेवलं तर कधीतरी कळेल, म्हणून मला ठेवायचंही नाही. तिनं त्यांच्यासाठी लपवलं, आता ते तिच्यासाठी लपवत होते. सकाळी भिमाजीच्या टेम्पोत मी चढले तेव्हा अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते गिरणीत जाऊन उभे राहिले, गिरणी बंद असताना.

आता मी भिमाजीच्या आवारात आहे. सीटच्या मागे ती घडी अजून तशीच आहे. माझ्याबरोबर तीही जाईल, आणि मग हे सांगायला कोणी उरणार नाही. संदीप शपथेचा पक्का आहे, आणि अण्णांना कळलंय हे तर त्यालाही माहीत नाही. अण्णा स्वतःहून कधी बोलणार नाहीत. ते रोज पोरीच्या कोपराकडे बघतील आणि दुखतो का विचारतील, एवढंच.

म्हणून हा निरोप. माझ्यासाठी काही मागत नाही. पण तुम्ही त्या बाजूला जाणार असाल तर समीक्षाला गाठा. घोरावाडी स्टेशनजवळ राहते, कोणीही खोली दाखवेल. तिला म्हणावं, अण्णांना कळलंय. तू ठेवलेली घडी त्यांनी उघडून बघितली आणि तुला कळू नये म्हणून परत तशीच ठेवली. घरी जा आणि त्यांच्याजवळ बस. तुमच्यामुळे झालं नाही असं सांगू नकोस, ते त्यांना आता पटणार नाही. तुमच्यामुळेच झालं अण्णा, पण माझा तुमच्यावर राग नाही, असं सांग. तेवढं ऐकायला तो माणूस जगतोय.

भिमाजीचा माणूस कटर घेऊन येताना दिसतो आहे. माझं जे व्हायचं ते होईल. तुम्ही तेवढं घोरावाडीला उतरा.